घरपट्टी, टोल आणि निगेटिव्ह रील्स: मतदार नेमका कशावर चिडतो

प्रश्न थोडक्यात असा की मामा नगरपालिकेच्या पोटनिवडणुकीला उभे राहतायत, समोरचा गेल्या सभागृहात नगरसेवक होता, गावात घरपट्टी जवळपास दीडपट झालीय म्हणून लोकं चिडलेली आहेत, आणि भाच्याने म्हंजे तुम्ही त्याच्यावर तुटून पडणारे दहा-बारा रील्स बनवून ठेवलेत. ते सोडायचे का, आणि टॅक्सवरून मतं खरंच फिरतात का?

नका सोडू. निदान लगेच तरी नको. का ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी गेली बावीस वर्षं हेच काम करते. सुरुवात दारोदार फॉर्म भरून घेणारी पोरगी म्हणून, दिवसाला दीडशे रुपये आणि एक वडापाव, आता स्वतःची छोटी टीम आहे, वॉर्डापासून लोकसभेपर्यंत सर्व्हे आणि प्रचाराची आखणी करतो, सगळ्या पक्षांचं केलंय त्यामुळे मला कुणाचा पुळका नाही. बाई असण्याचा या धंद्यात एक मोठा फायदा आहे, मला स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. दारात नवरा उत्तर देतो, "आम्ही विकासाला मत देतो," आणि आतून बाई म्हणते, "आधी ते घरपट्टीचं विचारा त्यांना." खरा सर्व्हे तो आतला असतो, दारातला नाही.

तर टॅक्स. लोकं टॅक्सवर चिडतात हे खरं, पण किती टॅक्स आहे यावर चिडत नाहीत. दिवसभरात साबण, बिस्किटं, मोबाईलचा रिचार्ज यात किती जीएसटी जातो हे कुणालाही विचारा, माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. नोकरदाराच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्सचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे अडीच हजार, बावीस वर्षांत त्यावर एकही माणूस माझ्याशी तावातावाने बोललेला नाही. तोच माणूस नाक्यावर ४५ रुपयांसाठी काच खाली करावी लागली की शिव्या घालतो. राग येतो तो हात खिशात घालायला लावल्याचा, आणि कुणीतरी समोर उभं राहून मागतोय याचा.

एलबीटी, म्हंजे स्थानिक संस्था कर, आठवतोय का? १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात, ठाण्यात, नागपुरात जकात जाऊन एलबीटी आला आणि व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, ते सुद्धा एक-दोन दिवस नाही. मी तेव्हा मार्केट यार्डाच्या बाजूला सर्व्हे करत होते. मला वाटायचं टॅक्स वाढला म्हणून ओरडतायत. एका किराणा होलसेलवाल्या काकांनी समजावलं, की अगं जकात ट्रकवाला नाक्यावर भरायचा, आमच्या दुकानात कोण येत नव्हतं, आता मला रजिस्ट्रेशन, मला रिटर्न, आणि उद्या कुणीतरी साहेब येऊन म्हणणार वही दाखवा. त्यांचा राग त्या वहीचा होता. दर हा नंतरचा मुद्दा. सत्तेतल्या लोकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही, ते दराचे तक्ते दाखवत राहिले की बघा जकातीपेक्षा महाग नाहीये.

पुढची गंमत बघा. सरकार बदललं, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला, पेढे वाटले. महापालिकांचं उत्पन्न बुडालं ते राज्याने भरून द्यायचं ठरलं, म्हंजे ते कुठून तरी येणारच होतं. दोनच महिन्यांनी, दुष्काळासाठी म्हणून, पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये जादा लागले, दारू, सिगारेट, कोल्ड्रिंक, सोन्यावरही काहीतरी वाढवलं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तो सेस काही लगेच गेला नाही. दुकानं बंद? नाही. मोर्चा? थोडाफार पेपरात. त्याच काकांच्या स्कूटरमध्ये तेच पेट्रोल जात होतं पण ते मागायला कुणी दुकानात येत नव्हतं ना.

म्हणून मी उमेदवारांना सांगते की कर किती आहे ते मला सांगू नका, तो कुठे भेटतो ते सांगा. नाक्यावर भेटतो, बिलात भेटतो, की वस्तूत लपून येतो? लपलेल्या करावर प्रचार करून काही होत नाही, जोपर्यंत कुणीतरी तो ओढून बाहेर काढत नाही तोपर्यंत. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी होता, तो बायकांनी बाहेर काढला, बोलल्या, वर्षभरात, जुलै २०१८ मध्ये, शून्य झाला. जुलै २०२२ मध्ये पॅकबंद पीठ, तांदूळ, दह्यावर ५ टक्के लागला तेव्हाही आठवडाभर घरोघरी बोलणं झालं, कारण दही हा शब्द आला. "अप्रत्यक्ष कर" म्हटलं की लोकं चॅनेल बदलतात.

कोल्हापूरचं उदाहरण तर तुम्ही पाठच करा, कारण तुमच्या मामांची केस त्याच्या जवळची आहे. शहरातले साधारण ५० किलोमीटरचे रस्ते खाजगी कंत्राटदाराने करायचे आणि टोल लावून वसूल करायचा. शहरातल्या शहरात टोल! गंगावेशीतला माणूस म्हणणार मी भाजी आणायला जाताना पावती फाडू? एन. डी. पाटील, गोविंद पानसरे ही म्हातारी माणसं रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळले गेले. ऑक्टोबरात विधानसभा झाली आणि कोल्हापूर दक्षिणमधून काँग्रेसचे तेव्हाचे मंत्री सतेज पाटील पडले. मोदी लाट होती, आघाडी तुटली होती, सगळं मान्य, पण टोलही होता हे कोल्हापुरात कुणीही सांगेल.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नव्या, भाजपच्या सरकारने तो टोल रद्द केला, कंत्राटदाराची भरपाई सरकारी पैशातून, म्हंजे चंद्रपूरच्या माणसानेही कोल्हापूरच्या रस्त्याचे पैसे भरले पण ते जाऊदे. आता हिशोबाने कोल्हापूरकरांनी उपकार मानायला हवे होते. २०१९ च्या विधानसभेला अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात भाजपची एकही जागा आली नाही, आणि दक्षिणमध्ये सतेज पाटलांचा पुतण्या ऋतुराज निवडून आला. त्या वर्षी महापूर होता, युतीतली पाडापाडी होती, कारणं दहा असतील. पण टोल घालवला म्हणून कुणी मत दिलं का, तर मला दारावर एकही माणूस तसं म्हणणारा भेटला नाही. कर लावला हे लोकं लक्षात ठेवतात. काढला तर म्हणतात, आमचंच होतं ते आम्हाला दिलं, त्यात काय.

मुंबईत पण हेच. ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांचा मालमत्ता कर माफ, हे शिवसेनेचं २०१७ च्या महापालिकेचं वचन. २०१९ मध्ये माफी आली पण फक्त सर्वसाधारण कराची, बिलातले बाकीचे कर तसेच राहिले. मग माफी जाहीर झाल्यावरही बिल आलं! माझ्या दृष्टीने हा प्रचारातला सगळ्यात महाग पडणारा प्रकार, कारण ज्याला माफीचं ऐकवलंय त्याच्या हातात बिल पडलं की तो साधा नाराज होत नाही, त्याला फसवल्यासारखं वाटतं. पूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ ला झाली. पाच वर्षं. मधल्या काळात एका चाळीतल्या आजींनी मला ते बिल पदराच्या टोकाला बांधलेलं काढून दाखवलं होतं, कारण प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या कार्यकर्त्याला त्या ते दाखवायच्या.

मुंबईच्या वेशीवरचा टोल, वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, छोट्या गाड्यांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री माफ झाला आणि १५ ला आचारसंहिता लागली. टायमिंग बघा म्हंजे कळेल की राजकारणी माणसालाही माहितीय, माफीचा आनंद फार दिवस टिकत नाही, ताजा असतानाच मत घ्यायचं. त्याचा किती फायदा झाला ते वेगळं काढता येणार नाही, लाडकी बहीणच्या लाटेत सगळंच वाहून गेलं त्या निवडणुकीत.

लाडकी बहीणवरून आठवलं. २०२४ च्या ऑक्टोबरात एका चांगल्या सोसायटीत बसले होते, ताई सांगत होत्या की आमच्या टॅक्सच्या पैशातून फुकट पंधराशे वाटतायत, आम्ही टॅक्स भरणारे मूर्ख. भांडी घासणाऱ्या मावशी आत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. खाली उतरताना लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "मला काय किराणावाला टॅक्स सोडून माल देतो होय?" मी तेव्हा ज्या उमेदवाराचं काम करत होते त्याच्या टीमने "करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी" असं एक क्रिएटिव्ह तयार ठेवलं होतं. मी सांगितलं की हे गेलं तर तुम्हाला सोसायटीत टाळ्या मिळतील आणि मागच्या वस्तीत एक मत पडणार नाही, आणि सोसायटीतले निम्मे मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला असतात. काढलं त्यांनी. तरी पडलेच, ते वेगळं. पण विरोधकांचं एकूणच असं झालं, की आधी म्हणायचं तिजोरी रिकामी होतेय आणि मग जाहीरनाम्यात म्हणायचं आम्ही ३००० देऊ. मग मतदार म्हणतो देणाराच बरा, निदान देतोय तरी.

आणि कराचा राग म्हटलं की शहरातलेच लोकं डोळ्यासमोर येतात, ते चूक आहे. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून शेतकऱ्याला कराचं काही नाही असं समजणाऱ्यांनी नाशिक जिल्हा बघावा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ऐन निवडणुकीत बंदी उठवली पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. चांदवडच्या शेतकऱ्याने त्या शुल्काची पावती कधीच फाडलेली नाही, भरतो निर्यातदार. पण लासलगावला लिलावात भाव पडला की त्याला तो कर दिसतो, सकाळी नऊ वाजता, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या. पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एक पोरगा ओरडला, कांद्यावर बोला. दिंडोरीत केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्या. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट, की तिथे जिंकलेल्या भास्कर भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि त्यांच्याच आडनावाचा दुसरा एक उमेदवार नुसत्या तुतारी चिन्हावर उभा होता, त्याने लाखाच्या वर मतं खाल्ली, तरी भगरे सर एक लाखाहून जास्तने आले. माणसं इतकी चिडलेली होती की चुकीचं बटण दाबून सुद्धा सत्ताधाऱ्यांना पाडायला मतं पुरून उरली. त्या निवडणुकीत कांद्यावर कुणी फार भारी जाहिरात केली होती असं मला तरी आठवत नाही. गरजच नव्हती.

आता तुमच्या रील्सकडे येते.

निगेटिव्ह प्रचार चालतो का, तर चालतो. पण तो राग तयार करत नाही. असलेल्या रागाला फक्त शब्द देतो. २०१४ ची भाजपची जाहिरात, "कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा", तिची लोकांनी इतकी टिंगल केली की विचारू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते जोक. पेपरवाले म्हणाले जाहिरात फसली. फसली नव्हती. बायका भांड्यांचा ढीग बघून म्हणायच्या कुठे नेऊन ठेवलाय, म्हंजे वाक्य घरात शिरलं होतं. आणि तिच्यात खुबी ही होती की ती प्रश्न विचारते, उत्तर ऐकणाऱ्याने भरायचं, कुणी सिंचन भरलं, कुणी लोडशेडिंग, कुणी एलबीटी. भाजप ४६ वरून १२२ वर गेली. जाहिरातीमुळे नाही गेली, पण जाहिरात आड आली नाही, हे खूप आहे. बऱ्याच जाहिराती आड येतात.

याच्या उलट २०१९ च्या लोकसभेचं "लाव रे तो व्हिडीओ". राज ठाकऱ्यांच्या त्या मोदींविरुद्धच्या सभा मी दोन ठिकाणी उभं राहून ऐकल्या, मी व्यावसायिक म्हणून सांगते की हल्ला करायचा तर असा करावा. सरकारी जाहिरातीत डिजिटल गाव म्हणून दाखवलेल्या मेळघाटातल्या हरिसालचा जाहिरातीतला पोरगाच स्टेजवर आणून उभा केला सोलापुरात. पुरावा, विनोद, वेळ, सगळं जागच्या जागी. निकाल काय? राज्यात ४८ पैकी ४१ युतीला, आणि सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले. आम्ही नंतर लोकांना विचारलं तर व्हिडीओ तोंडपाठ होते, हसत हसत सांगायचे, आणि मत? "ते देशाचं आहे हो, ते वेगळं." मनसेचा स्वतःचा उमेदवार एकही नव्हता. राग तापवला आणि ओतायला भांडंच ठेवलं नाही. लोकांनी ते नाटकासारखं बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन जे करायचं तेच केलं. तुमच्या आधीच्या रील्सना चाळीस हजार व्ह्यूज आले असं तुम्ही लिहिलंय, त्यातले तुमच्या प्रभागातले किती? मला विचाराल तर तिनशे सुद्धा नसतील, आणि त्यातले निम्मे तुमचे मित्र.

आणि हल्ला उलटतो कसा त्यासाठी पुण्यात कसब्याला या. फेब्रुवारी २०२३, आमदार मुक्ता टिळक वारल्यामुळे पोटनिवडणूक, १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा. समोर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, नगरसेवक म्हणून गल्लीगल्लीत माहीत असलेला, स्कूटरवर फिरणारा माणूस. भाजपचे नेते, मूळचे कोल्हापूरकडचे चंद्रकांत पाटील म्हणाले, "हू इज धंगेकर?" तीन शब्द. पेठेत त्याचा अर्थ असा लागला की आमच्या ओळखीच्या माणसाला बाहेरचा विचारतोय तू कोण. पेठेत बाहेरचा हा शब्द किती जड आहे ते पेठेत राहिलेल्यालाच कळेल. उमेदवारीवरून टिळकांच्या घराला डावलल्याची नाराजी होतीच, त्याचे बोर्डही लागले होते, आजारी खासदार गिरीश बापटांना नाकात नळी असताना प्रचाराला आणलं ते पण कित्येकांना आवडलं नाही. धंगेकर साधारण ११ हजारांनी आले आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स, "धिस इज धंगेकर". समोरच्याने फुकटात त्यांची जाहिरात करून दिली.

त्याच वेळी पुण्यात घरपट्टीचा विषय पेटलेला होता, तो तुमच्या कामाचा आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून करात ४० टक्के सवलत होती. ती २०१९ पासून काढली गेली, फरकाची बिलं आली, आणि मग लोकांना कळलं की अरे आपल्याला सवलत होती! पन्नास वर्षं ज्या गोष्टीचं कुणी नाव घेतलं नाही ती गेल्याबरोबर हक्काची झाली. कसब्यात फक्त यामुळे निकाल लागला असं मी म्हणणार नाही, जुन्या वाड्यांची बिलं मुळात छोटी, ही झळ नव्या फ्लॅटवाल्यांना जास्त. पण निकाल २ मार्चला लागला आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली, यातून काय घ्यायचं ते घ्या. परत देताना पीटी-३ नावाचा फॉर्म भरायला लावला, पुरावे जोडा, रांगेत उभे रहा, म्हंजे दिलेल्या सवलतीचं पुण्यही रांगेत गेलं. आणि नोव्हेंबर २०२४ ला त्याच कसब्यात, पोटनिवडणुकीत पडलेले भाजपचे हेमंत रासने त्याच धंगेकरांना साधारण १९ हजारांनी हरवून आले, तेव्हा ना कुणी हू इज म्हणालं ना कुणी घरपट्टी काढली.

शेजारी पिंपरी-चिंचवडला शास्तीकर. बेकायदा बांधकामाला मूळ कराच्या दुप्पट दंड. गुंठेवारीत पै पै जमवून घर बांधलेल्या कामगाराला बेकायदा म्हणणं आणि वर दुप्पट मागणं. या एका करावर तिथल्या किती निवडणुका निघाल्या, प्रत्येक वेळी प्रत्येकजण माफ करू म्हणायचा. घोषणा डिसेंबर २०२२ ला झाली, जीआर मार्च २०२३ ला आला. मला तिथल्या एका माणसाने सांगितलं होतं की मॅडम ज्यांनी प्रामाणिकपणे भरला त्यांचं काय? हा माणूस कुठल्याच पक्षाच्या जाहिरातीत नसतो. माफीची घोषणा करताना भरणाऱ्याच्या तोंडाकडे पण बघा, तुमच्या प्रभागात तोच जास्त आहे.

एक माझीच चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात आमच्या उमेदवाराच्या पोरांनी मतदानाच्या दोन रात्री आधी निनावी पत्रक टाकलं, समोरच्याच्या घरातल्या सुनेच्या कोर्टातल्या भांडणाबद्दल. मला संध्याकाळी माहीत होतं. मी थांबवायला हवं होतं, थकलेली होते, म्हटलं जाऊदे. सकाळी आमच्याच बायका प्रचाराला येईनात. एक जण म्हणाली, आज तिच्या घरात शिरलात उद्या आमच्या शिराल. शंभरच्या आत मतांनी गेली ती सीट. तुमच्या रील्समध्ये जो समोरच्याच्या नव्या गाडीवर आणि पोराच्या लग्नावर आहे तो याच जातीचा आहे, तो आजच डिलीट करा. खाजगी आयुष्यावर बोलणं आचारसंहितेत बसत नाही आणि खोटं निघालं तर केस होते, पण ते जाऊदे, मुळात बायकांना ते आवडत नाही.

आता करायचं काय. पहिलं म्हंजे नगरपालिकेत जाऊन बघा की घरपट्टी वाढली कधी आणि कुणाच्या सहीने. हे तुम्ही लिहिलेलंच नाही. निवडणुका रखडल्यामुळे २०२२ च्या आसपासपासून कित्येक ठिकाणी प्रशासक होते, सभागृहच नव्हतं, आणि चतुर्वार्षिक कर आकारणी त्याच काळात उरकली गेली असेल तर समोरचा एका मिनिटात सांगेल की मी तेव्हा नगरसेवक नव्हतोच, हा बघा कागद, आणि तुमचे बाराही रील्स त्याच्या कामाला येतील. ठराव त्याच्या काळातला असेल आणि तो हजर असेल तरच नाव घ्या. इतिवृत्ताची नक्कल मागा.

दुसरं, दहा-वीस घरांची बिलं हातात घेऊन बघा. माझा अनुभव असा की दीडपट बिलाच्या मागे दर कमी आणि मोजणी जास्त असते. सर्व्हेला आलेल्या पोरांनी गोठ्याला दुकान धरलंय, ओटा खोलीत मोजलाय, भाडेकरू नसताना भाडेकरू लावलाय. हे सापडलं तर मामांना एक टेबल टाकून बसवा, हरकतीचे अर्ज लिहून द्या, सुनावणीला बरोबर जा, मुदत संपली असेल तर दुरुस्तीचा अर्ज लिहा. ज्या घराचं बिल मामांनी बसून कमी करून आणलं ते घर रील बघत नाही, ते सरळ येतं. माफ करू असं मात्र म्हणू नका. नगरपालिकेचा पगार आणि दिवाबत्ती कशातून चालते हे आता लोकांनाही कळतं, आणि निवडून आले तर पहिल्याच वर्षी ते बिल मामांच्याच अंगणात येऊन पडेल.

तिसरं, रील एकच. मामांच्या हातात एका घराचं जुनं बिल आणि नवं बिल, घरमालकाला विचारून, आणि मागे त्याच गल्लीतलं गटार किंवा नळ जसा आहे तसा. मामा एवढंच म्हणतील, "एवढे जास्त घेतले, आपल्या गल्लीत काय आलं?" समोरच्याचं नाव नाही, म्युझिक नाही, तो वाघाचा आवाज तर अजिबात नाही. नाव लोकं स्वतः घालतात. प्रत्येक गल्लीसाठी वेगळं शूट करा, गल्लीचं नाव लिहा, आणि त्या गल्लीच्या ग्रुपवरच टाका. व्ह्यूज दोनशे येतील, ते चाळीस हजारांपेक्षा जास्त आहेत.

आणि हे सगळं करायच्या आधी, आज संध्याकाळीच, मामांच्या स्वतःच्या नावावरच्या सगळ्या मालमत्तांची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली आहे का ते पावत्या हातात घेऊन तपासा. मळ्यातली खोली, वडिलांच्या नावावरून अजून न बदललेला जुना वाडा, सगळं. थकबाकी असली तर छाननीलाच हरकत येते, आणि घरपट्टीवर बोलणाऱ्या उमेदवाराचं थकीत बिल ही एवढी सोपी रील आहे की ती बनवायला समोरच्याला भाचा पण लागणार नाही.